गळ्यापर्यंत भरलेली बाटली

४ जानेवारी, रविवार

लेकीने पाठवलेल्या खोक्यातून ही वही निघाली. तिच्या हॉस्पिटलची आहे, पानोपानी तारीख छापलेली. फोनवर म्हणाली, "आई, रोज दोन ओळी लिहीत जा. मन मोकळं होतं." मी म्हटलं, माझं मन मोकळंच आहे, तुंबलंय ते न्हाणीघर. त्यावर लिहून उपयोग असेल तर सांग.

मी तिसरीपर्यंत शिकले. त्यानंतर सोड्याच्या कारखान्यात बाटल्या धुवायला लागले, पुढे धुणाऱ्यांतून तपासणाऱ्यांत गेले. अक्षर अजून वाचता येण्यासारखं आहे. पण रोज काही लिहायची नाही. काही घडलं तर लिहीन. आज घडलं ते एवढंच की वही आली.

लेक आठ वर्षं परदेशात नर्स आहे. विमानाने जावं लागतं. तिची मुलगी, माझी नात, माझ्यापाशी. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी म्हणतो. आता अकरा वर्षांची झाली तरी भिंगरीच. नातीच्या बापाबद्दल या वहीत काही येणार नाही, कागद चांगला आहे.

११ जानेवारी, रविवार

आज फोन. लेक फोन कशाला तरी टेकवून ठेवते, त्यामुळे आम्हाला अर्धं तिचं कपाळ आणि अर्धं छत दिसतं. त्या छताचा एकेक डाग मला पाठ झाला आहे.

कपाळ म्हणालं, "आई, घर मिळालं. दोन खोल्या. आता भिंगरीला इकडे आणता येईल."

मी विचारलं, "बटाटे कसे मिळतात तिकडे?"

"आई, मी काय म्हणतेय?"

"ऐकलं. बहिरी झालेली नाही अजून."

माझे कागद होत नाहीत, फक्त मुलीचे होतात. ते तिने हळू आवाजात सांगितलं. मी म्हटलं, बरंच झालं, मला विमानात कान दुखतात. विमानात मी कधी बसलेली नाही.

मग तिने भिंगरीला समोर बसवून सांगितलं, "बाळा, जबरदस्ती नाही. तू तुझ्या मनाने सांग. मार्च लागायच्या आत सांगितलंस म्हणजे झालं." अकरा वर्षांच्या पोरीला तिच्या मनाने सांग म्हणते. मी तर लग्नाच्या वेळीही माझ्या मनाने काही सांगितलं नव्हतं.

भिंगरी फोन ठेवल्यावर बराच वेळ बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती.

१४ जानेवारी, बुधवार

शाळेत विज्ञानाच्या बाईंनी रॉकेट करायला सांगितलं आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी घालायचं, सायकलच्या पंपाने हवा भरायची, सोडायचं. वर जातं म्हणे. फेब्रुवारी संपताना सगळ्यांनी शाळेच्या मैदानावर उडवून दाखवायचं.

मी म्हटलं, "पाणी वर जातं?"

"पाणी खाली जातं, आजी. म्हणून बाटली वर जाते."

"म्हणजे भांडण झालं की एक जण घर सोडतो तसं."

"तसंच. फक्त दोघंही घर सोडतात, उलट्या दिशांना."

पोरगी बोलते मात्र नेमकं. माझ्यावर गेली आहे. तिची आई अशी बोलत नसे. तिच्या आईला काही हवं असलं की ती दाराशी नुसती उभी राहायची.

१७ जानेवारी, शनिवार

घरभर कचरा. रॉकेटला मागे पंख लागतात, नाहीतर ते हवेत कोलांट्या खातं. पुठ्ठ्याचे केले, ते पहिल्या पाण्यात लोळागोळा झाले. मग माझ्या कपाटावरचं मोठं पाकीट काढून म्हणाली, "आजी, तुला हा तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे लागतो का?"

मी म्हटलं, "गुडघा इथेच आहे, फोटो कशाला लागतोय?"

कात्रीने कापून तीन पंख केले. एका पंखावर माझी वाटी सरळ दिसते. डॉक्टर म्हणाला होता या गुडघ्याने जिना चढू नका. बघू, हा किती चढतो.

नाकाला मातीचा गोळा लावला. नाक जड हवं, शेपूट हलकी. मग ते वाऱ्याला तोंड देऊन सरळ जातं. सगळ्या घरांत असंच असतं, नाक जड असलेलीच माणसं सरळ जातात.

कोपऱ्यावरचा सायकलवाला पंप देतो म्हणाला. त्याने लाकडाच्या फळीवर बूच बसवून त्यातून ट्यूबचा व्हॉल्व्ह काढला आहे. बाटली उलटी करून त्या बुचावर दाबायची, सायकलच्या तारांचा चिमटा तिचा गळा धरून ठेवतो. दोरी ओढली की चिमटा सुटतो. हुशार आहे. तोंड बंद ठेवलं असतं तर आणखी हुशार दिसला असता.

१८ जानेवारी, रविवार

मागच्या मोकळ्या जागेत पहिलं उड्डाण. सगळा विचका.

भिंगरीने बाटली भरली ती जेमतेम तिसरा हिस्सा. तिथे तिने लाल रबर लावून खूण केली आहे. ती पंप आणायला वळली, आणि मला काही ते बघवेना. मी नळाखाली धरून बाटली गळ्यापर्यंत भरून टाकली.

त्याचं असं आहे. कारखान्यात माझ्यासमोरून पट्ट्यावर बाटल्या जायच्या. गळ्यापर्यंत भरलेली पुढे. कमी भरलेली दिसली की उचलून बाजूला. कमी भरलेली म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, मुकादम आम्हाला उभं करून बोलायचा. डोळे पेंगले तरी चालायचं, कारण हात सांगायचा. उचलली की कळायचं, ही कमी आहे. इतकी वर्षं ते केल्यावर तिसरा हिस्सा भरलेली बाटली कोणी माझ्या समोर ठेवावी आणि मी गप्प बसावं, हे होणार नाही.

भिंगरीने घाईत बघितलं नाही. सायकलवाल्याने हवा मारली, तिने दोरी ओढली. बाटली माझ्या खऱ्या गुडघ्याइतकी उडाली, सगळं पाणी सायकलवाल्याच्या अंगावर ओकली आणि आडवी झाली.

"मावशी, आंघोळ झाली होती माझी," तो म्हणाला.

"दिसत नव्हती," मी म्हटलं.

भिंगरी हसली नाही. बूच तपासत बसली.

२१ जानेवारी, बुधवार

तीन दिवस पोरगी बूच घासते आहे. नवा व्हॉल्व्ह आणला. वहीत आकडे लिहिते, खोडते. आज जेवली नाही. मग सांगून टाकलं, पाणी मी भरलं होतं.

मला वाटलं थयथयाट करेल. ती उठली, बाटली घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली.

"आजी, बाटलीला कोण ढकलतं?"

"पाणी."

"आणि पाण्याला कोण ढकलतं?"

"तू सांग ना, मास्तरीणबाई."

"हवा. आपण पंपाने ती दाबून भरतो. ती चिडलेली असते, तिला बाहेर पडायचं असतं. पण बाटलीत तिला जागाच ठेवली नाही तर ती मावणार किती? तू सगळी जागा पाण्याने भरलीस. मग जोर कुठून येणार? वर ओझं केवढं."

"मग पाणी घालूच नये. नुसती हवा भर."

"नुसती हवा फुस्सकन निघून जाते. हलकी असते ना. जड काहीतरी मागे फेकलं तरच पुढे धक्का बसतो. तू चाकं लावलेल्या पाटावर बसून उशी फेकलीस तर हलणार नाहीस. वरवंटा फेकलास तर मागे जाशील."

"वरवंटा मी फेकला तर समोरचा मागे जाईल."

आता हसली. मग जेवली.

म्हणजे रिकामी जागा ठेवावी लागते. बाजूला काढायची तीच बाटली उडते. हे मुकादमाला सांगायला हवं होतं, पण तो मेला.

त्या बाजूला काढलेल्या बाटल्या आम्हा बायकांना संध्याकाळी घरी न्यायला मिळत. लेक कारखान्याच्या फाटकाशी दप्तर घेऊन उभी असायची. मी बाहेर आले की आधी माझ्या हातांकडे बघायची, बाटली आहे का. तोंडाकडे नंतर. फुटक्या काचेने बोटं चिरलेली असायची, ती तिनेच बांधायची. तेव्हापासूनच नर्स होती म्हणायची.

१ फेब्रुवारी, रविवार

बाटली आता झकास उडते. चिमटा सुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पाणी संपतं. मी विचारलं, "पाणी तर इथेच सांडलं. मग पुढे वर जाते ती कशावर?"

"आधी बसलेल्या धक्क्यावर. तो पुरतो तिला. मग हळूहळू कमी होतो, वर जाऊन एकदा थांबते, मग परत येते."

"परत येतेच?"

"येतेच. वारा असला तर लांब जाऊन पडते, पण खाली येतेच."

कपाळाचा फोन आला. आज कपाळाला ताप होता. औषध घेतलंस का विचारलं तर म्हणाली, "आई, मी नर्स आहे." नर्सला ताप आल्यावर तिच्या उशाशी कोण असतं ते मात्र मी विचारलं नाही. मागे भांडी न धुतलेली दिसली. माझी लेक भांडी कधी ठेवत नसे.

७ फेब्रुवारी, शनिवार

चाकाला हवा भरायची म्हणून सायकलवाल्याकडे थांबले. सायकल माझी नाही, शेजारणीची आहे. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला माहीत आहे ना पोरीने पैज लावलीय?"

"कोणाशी?"

"स्वतःशी. शाळेच्या मैदानामागे ती उंच पाण्याची टाकी आहे ना? त्या दिवशी रॉकेट टाकीवरून गेलं तर आईकडे जायचं. नाही गेलं तर तुमच्यापाशी. मला म्हणाली, कोणाला सांगू नका."

"आणि तू ते नीट पाळलंस."

घरी येईपर्यंत चाकातली हवा तशीच, माझी गेलेली.

अकरा वर्षांची आहे. दोघींपैकी एकीला नाही म्हणायचं तिला जमत नाही, म्हणून बाटलीवर टाकून मोकळी झाली. कोणी कोणाला नाही म्हटलं नाही, बाटलीने म्हटलं. माझ्यावर नाही गेली, आईवर गेली आहे. दाराशी नुसती उभी.

मी आत जाऊन अंडी उकडली.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज शाळेच्या मैदानावर सराव. रॉकेट टाकीच्या कठड्याला टेकता टेकता खाली आलं. भिंगरी म्हणाली अजून थोडी हवा, पंपाचे अजून चार दांडे. सायकलवाला म्हणाला बूच सोसेल.

म्हणजे जाणार. टाकीवरून जाणार.

इथे लिहायला काय लाज, ही वही वाचतंय कोण. मनात आलं. त्या दिवशी बाटली मी भरली तर? गळ्यापर्यंत. म्हातारी आहे, तिसरी शिकलेली, सवय आहे तिला, एकदा केलंच होतं. कोणी काही म्हणालं नसतं. पोरगी इथे राहिली असती. सकाळी वेणी घालताना जागेवर बस म्हणून ओरडायला कोणीतरी असतं.

लेकीला मी सोडलं तेव्हा ती पंचविशीची होती. ती जिना उतरून गेली, मी वर उभी. तिने वळून बघितलं नाही, कारण मीच सांगितलं होतं वळून बघू नकोस. सांगितलेलं ऐकते नेमकं नको तेव्हा.

भिंगरीने आज नवीन कागद चिकटवून बाटली सगळी झाकली. निळा कागद. लाल रबरही आत गेलं. "आता पाणी कसं दिसणार?" मी विचारलं.

"मला माहीत आहे किती लागतं," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

फोन. भिंगरीने आईला विचारलं, "तुझ्याकडे माझ्यासाठी खिडकी आहे का?" आई म्हणाली, "आहे. पडदा लावून ठेवलाय. तुझा रंग निळा ना अजून?" भिंगरी हो म्हणाली. गेल्या वर्षापासून तिला हिरवा आवडतो.

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आजी, तू एकटी असलीस की काय करशील?"

"पाय पसरून झोपेन. तुझ्या लाथांनी माझी कंबर गेली."

"खरं सांग."

"खरंच सांगते. न्हाणीघर तुंबलंय ते आधी उघडेन."

तिने मान हलवली. आकडे लिहितानाही ती अशीच मान हलवते. काय मांडलं तिने कोणास ठाऊक.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सविस्तर लिहिते.

मैदानावर सगळी शाळा. विज्ञानाच्या बाई शिट्टी घेऊन. आमच्या आधी बरीच रॉकेटं उडाली. एक छपरावर अडकलं, एक हेडमास्तरांच्या गाडीवर पडलं, टाळ्या त्यालाच जास्त मिळाल्या.

भिंगरीचा नंबर आला. ती मैदानाच्या टोकाच्या नळावर एकटी जाऊन बाटली भरून आली. मी येते म्हटलं तर नको म्हणाली. आली, बाटली माझ्या हातात दिली, "सरळ धर, सांडू नको," आणि फळी नीट बसवायला गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

बाटली हातात आली आणि हाताला कळलं.

निळ्या कागदातून काही दिसत नव्हतं. पण हे मला दिसायला लागत नाही. गळ्यापर्यंत भरलेली होती. मुकादमाने डोळे झाकून पुढे सोडली असती अशी.

तिला माहीत आहे किती लागतं. ती चुकणारी नाही. तिनेच मला समोर बसवून शिकवलं.

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या मनात आलं होतं, ते तिने करून माझ्या हातात दिलं होतं. मला काही करायचंच नव्हतं. नुसती सरळ धरायची होती, सांडायची नव्हती.

मी तिची पाठ बघितली. फळीवर वाकली होती, वेणी सुटत आलेली. सकाळी मीच घातली होती, घट्ट बसली नव्हती. मग कोण जाणे का, मला ते छत आठवलं. डागांचं. आणि अर्धं कपाळ, तापाचं.

मी बाटली वाकडी केली. पाणी माझ्या पायांवर सोडलं. घाई नाही केली, घाई केली की गुडगुड आवाज होतो. किती काढायचं हे बघायला खूण नव्हती, पण कमी भरलेल्या बाटल्या मी जन्मभर बाजूला काढल्या आहेत. ते वजन माझ्या हाताला पाठ आहे. तेवढं झालं आणि थांबले.

भिंगरी आली, बाटली घेतली. घेताना एकदम थांबली. मला वाटलं, वाऱ्याचा अंदाज घेते आहे. हातात धरून तशीच उभी. नळाकडे बघितलं. बाईंनी शिट्टी मारली. मग तिने बाटलीच्या तोंडावर तळवा दाबून ती उलटी केली आणि बुचावर बसवली. बरं झालं, वजन पोरीच्या ध्यानात आलं नाही. लहान हात ते.

सायकलवाल्याने हवा मारली. "बस," ती म्हणाली. त्याने आणखी चार दांडे मारले. "बस म्हटलं ना!" ती ओरडली. मग तिने दोरी ओढली.

सगळ्यांनी माना वर केल्या. आवाज केवढा, आणि खाली नुसतं पाणी, पांढरा पट्टा. बाटली कुठे गेली ते मला आधी दिसलंच नाही. मग दिसली, टाकीच्याही वर, छोटीशी. तिथे थांबली. खरंच थांबते, भिंगरी म्हणाली होती तशी. माझ्या गुडघ्यावर ऊन चमकलं. मग पलीकडे गेली, टाकीमागे, आम्हाला दिसेनाशी.

पोरं ओरडली. बाईंनी भिंगरीच्या पाठीवर थाप दिली. भिंगरी हसली नाही, रडली नाही. माझ्याकडे आली आणि खाली बघत राहिली.

"आजी, तुझे पाय ओले कसे?"

"नळावर गेले होते."

नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि मी जागची हलले नव्हते. पण तिने पुढे काही विचारलं नाही. मुलांचं लक्ष असतं कुठे. तिने आपल्या फ्रॉकच्या टोकाने माझी पावलं पुसली. मी म्हटलं, अगं राहू दे, वाळतील. तरी पुसत राहिली. सगळी शाळा बघत होती.

घरी आल्यावर तिने स्वतःहून आईला फोन लावला. मी न्हाणीघरात होते. तार घालून ते उघडत होते.

२१ मार्च, शनिवार

लेक येऊन गेली. सहा दिवस होती. समोर होती तेव्हा पूर्ण दिसली. केस पिकलेत कानाशी. मी केलेलं सगळं खाल्लं आणि दर घासाला "किती दिवसांनी" म्हणाली. मी म्हटलं, बोलू नकोस, ठसका लागेल.

आज दोघी गेल्या. जिन्यापाशी मी म्हटलं, वळून बघू नका. लेकीने ऐकलं. भिंगरीने ऐकलं नाही. प्रत्येक पायरीवर वळली, शेवटी बॅगेवरून अडखळून पडली. सांगत होते मी.

५ एप्रिल, रविवार

बरेच दिवस काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही.

पाय पसरून झोपता येतं. झोप येत नाही ती उकाड्याने.

आज फोन. आता अर्धं कपाळ लेकीचं, अर्धं भिंगरीचं, छताला जागाच उरली नाही. मागे भांडी धुतलेली. पडदा निळा. भिंगरी तो आवडतो म्हणते.

"आजी, माझ्या खिडकीतून टाकी दिसते. इथली खूप उंच आहे. आपल्यापेक्षा उंच."

"मग?"

"तू येशील तेव्हा उडवू. तोवर मी उडवणार नाही."

"मी येते की नाही त्याचा पत्ता नाही. तू उडव."

"नाही. मी हवा भरेन. पाणी तू भर. तुझ्या हाताला कळतं."

मी म्हटलं, भाजी लागतेय खाली, आणि फोन ठेवला. भाजी अजून चिरलेलीही नव्हती.

माझ्या हाताला कळतं हे तिला सांगितलं कोणी? मी तर या वहीखेरीज कुठे बोलले नाही. त्या सायकलवाल्याचंच काम असणार, त्याच्या तोंडाला बूच नाही. उद्या जाऊन त्याला चांगला धारेवर धरते. शिवाय आपली फळी त्याच्याकडेच पडून आहे, ती घरी आणून ठेवायला हवी.